चौदा आणे आंबा, सोळा आणे वादळ

आमच्या घरात मे महिन्यात आंब्यावरून भांडणं होतातच. आमरसात दूध घालायचं की नाही, बाठा कोणी चोखायचा, शेजारी एक डझन पाठवायचे की दोन... असली. पण १५ मे २०२१ च्या शनिवारी सकाळी बाबांचं आणि माझं जे वाजलं ते जरा जास्तच. आदल्या दिवशी अक्षय तृतीया झाली होती. लॉकडाऊन चालू होता, मी घरूनच काम करत होतो, आणि अरबी समुद्रात 'तौक्ते' नावाचं वादळ लक्षद्वीपकडून वर सरकायला लागलं होतं. हवामान खात्याच्या नकाशावरची ती रेघ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे चालली होती. म्हणजे पनवेलवर थेट येणार नव्हतं, शेजारून जाणार होतं. आणि आमच्या अंगणातल्या हापूसवर तीनशे-साडेतीनशे आंबे लटकत होते.

मी म्हटलं, "बाबा, आज आणि उद्या मिळून जेवढे निघतील तेवढे काढून घेऊ."

"काढून घेऊ म्हणजे? अजून आठ दिवस आहेत त्याला. आपला आंबा काही देवगडचा नाही. पाड लागल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, हे तुझे आजोबा सांगून गेलेत."

पाड लागणं म्हणजे झाडावरच पिकून पहिला आंबा आपणहून खाली पडणं. तो पडला की समजायचं, आता बाकीचे काढायला हरकत नाही. आजोबांचा नियम चुकीचा नव्हता. फक्त आजोबांच्या काळात मे महिन्यात समुद्राकडून अशी पाहुणी फारशी येत नसत.

मंडळी, आज मला या एका मुद्द्यावर भांडायचंय. वादळ येणार म्हटलं की घरची झाडं असलेले आपण सगळे जण दोनच गोष्टी करतो. एक तर दोऱ्या घेऊन झाड बांधायला धावतो, नाहीतर हात जोडून बसतो. माझं म्हणणं असं की दोन्ही चूक. जे फळ तोडल्यानंतर पिकू शकतं ते वादळाआधी, थोडं कच्चं असलं तरी, काढून घ्यावं. जे पिकू शकत नाही त्याच्यावर पाणी सोडावं. आणि झाड वाचवायचं काम वादळाच्या आदल्या संध्याकाळचं नसतंच, ते सहा महिने आधीचं असतं. हावरटपणा, घाई, 'आजकालच्या पोरांना धीर नाही' वगैरे जे काही त्याला म्हटलं जातं ते मला मान्य नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. आधी 'निसर्ग'ची गोष्ट सांगतो.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आमचं घर जुन्या पनवेलात आहे, समुद्रापासून तसं आत. त्यामुळे मी निर्धास्त होतो, पण अगदीच काही केलं नाही असं नको म्हणून आदल्या रात्री यूट्यूबवर दोन-चार व्हिडिओ बघितले आणि सकाळी नायलॉनची जाड दोरी घेऊन आंब्याची सगळ्यात मोठी, शेजाऱ्यांकडे झुकलेली फांदी गच्चीच्या खांबाला करकचून बांधली. बाबांनी खालून धरलं, मी वरून गाठ मारली. दोघंही खूश. चहा प्यायलो.

दुपारनंतर जे सुरू झालं ते ज्यांनी रायगडात अनुभवलंय त्यांना सांगायला नको. वारा एका दिशेने येत नाही, तो पिळतो. मी खिडकीतून बघत होतो. मोकळ्या फांद्या वेड्यासारख्या हलत होत्या, वाकत होत्या, परत येत होत्या. बांधलेली एकटी ताठ उभी होती. आणि तीच मोडली. नेमकी दोरीच्या गाठीपाशी. मोडून शेजारच्या काकांच्या पत्र्यावर गेली. नशीब, खाली कोणी नव्हतं. काका काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने त्यांचं ते 'काही न बोलणं' मला रोज ऐकू येत होतं.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की चूक अगदी शाळेतल्या विज्ञानाची होती. फांदी वाकते तेव्हा वाऱ्याचा जोर तिच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो. मी मध्येच तिला एक पक्का बिंदू दिला, मग सगळा जोर त्या बिंदूवर आला. म्हणजे झाडाने हजारो वर्षांत जी युक्ती शोधली होती ती मी अर्ध्या तासात बंद पाडली. लहान रोपाला काठीचा आधार देतात तोसुद्धा सैल आठच्या आकड्यात बांधायचा असतो, खोड थोडं हलायला हवं. मोठ्या फांदीला तर तेही नको.

पण आमची एक फांदी गेली म्हणून रडण्यात अर्थ नव्हता. मावशीचं सासर श्रीवर्धनचं. तिथे काय झालं ते दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा कळलं. सुपारीच्या वाडीत झाडं माणसांसारखी रांगेने आडवी पडली होती. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर वाडी म्हणजे दाटीवाटीने लावलेल्या नारळी-पोफळी, सुपारीवर चढवलेले मिरीचे आणि पानाचे वेल, मध्ये केळी, जायफळ. सगळं एकमेकांच्या आधाराने उभं. एक पोफळ पडली की ती शेजारचीला घेऊन पडते, आणि तिच्यावरचा मिरीचा वेल जातो तो वेगळाच. सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळाचंही साधारण तसंच. सरकारने त्या वेळी फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली होती. वाचायला बरं वाटतं, पण तिकडच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांची वाडी असेल तर हिशेब ५ हजारांवर येतो. पुढे झाडामागे मदत ठरली, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. सात वर्षांच्या झाडाचे ५० रुपये! पडलेलं झाड कापून बाजूला करायलाच त्याहून जास्त मजुरी जाते. मावशीचे सासरे काही तक्रार करत नव्हते. ते एकच वाक्य बोलले, "फळ गेलं असतं तर चाललं असतं रे, झाड राहायला हवं होतं."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आणि त्याला जोडून दुसरी गोष्ट आली ती थेट अमेरिकेहून.

आमच्या टीमचा एक जण ओरेगनमध्ये राहतो. त्याच्या परसात हॉप्सचे तीन वेल आहेत. हॉप्स म्हणजे बिअरला तिचा कडवटपणा आणि वास देणारी फुलं, हिरव्या कागदी शंकूसारखी दिसतात. (ही वेल भांगेच्या घराण्यातली. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी माझ्या एकूण मित्रमंडळींविषयी जे मत व्यक्त केलं ते इथे लिहीत नाही.) आपल्याकडेही हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात हॉप्सची लागवड झालेली आहे, पण आपल्या दमट कोकणात नाव नको. वेल उन्हाळ्यात दोरीला वेढे घेत पंधरा-वीस फूट चढते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शंकू तयार होतात. सप्टेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे निसर्गनंतर तीनच महिन्यांनी, तिकडे पूर्वेकडून कोरडा, भयंकर जोराचा वारा येणार असल्याचा इशारा होता. लेबर डेचा वीकेंड. तो वारा आला, त्याने जंगलातल्या आगी पसरवल्या आणि नंतर कित्येक दिवस तिथलं आकाश नारिंगी होतं. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील.

सोमवारी सकाळच्या कॉलवर हा गडी नव्हता. सुट्टी होतीच त्याला, पण रात्री मेसेज आला की दिवसभर हॉप्स उतरवत होतो. मी विचारलं, वेल बांधली की नाही नीट? तो म्हणाला, बांधली नाही, खाली घेतली. त्याने दोरी वर कप्पीतून नेलेली होती. वाऱ्याआधी त्याने दोरी सैल केली आणि वेलीसकट सगळं जमिनीवर आणलं. ज्या दोन वेलींचे शंकू हाताला कागदासारखे लागत होते आणि आत पिवळी पूड धरलेली होती, त्या त्याने जमिनीपासून तीनेक फुटांवर कापल्या आणि शंकू खुडून त्याच रात्री जाळीवर वाळत घातले. ओले ठेवले तर एका रात्रीत तापतात, बुरशी धरतात. तिसरी वेल कच्ची होती. ती नुसती खाली आडवी करून ठेवली आणि म्हणाला, हिचं जे व्हायचं ते होऊ दे. मुळं जिवंत आहेत, पुढच्या वर्षी परत येईल.

मी विचारलं, कच्चे शंकू काढून घरात पिकवता येत नाहीत का? तो हसला. म्हणे, हॉप्स आहेत, केळी नाहीत!

इथे माझी ट्यूब पेटली. वादळाआधी फळ काढावं की नाही, हा प्रश्न 'धीर' किंवा 'हाव' यांचा नाहीच मुळी. प्रश्न असा आहे की ते फळ झाडापासून वेगळं झाल्यावर पुढे पिकतं का? आंबा, केळी, चिकू, पपई, फणस ही मंडळी पिकतात. पुरेसं वाढलेलं फळ काढलं की ते स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि आढीत पडल्या पडल्या गोड होतं. द्राक्ष, संत्रं, डाळिंब, लिंबू हे तसं करत नाहीत. ती काढली त्या क्षणी जेवढी गोड असतील तेवढीच. नाशिकच्या द्राक्षवाल्याला गारपिटीचा इशारा मिळाला तरी कच्चा घड काढून त्याचा काही फायदा नाही, म्हणून तो बिचारा आकाशाकडे बघत बसतो. हॉप्सवालाही तसाच. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे बॅकअप घ्यायची सोयच नाही. आंबेवाल्याकडे आहे. आणि ती असून न वापरणं याला धीर म्हणत नाहीत.

पण किती कच्चा? तिथे बाबांचा मुद्दा खरा होता, आणि तिथेच मजा आहे.

कोकणात आंब्याची तयारी आण्यात मोजतात. रुपया दशमान होऊन पासष्टहून जास्त वर्षं झाली, आणे कधीच गेले, पण आंबा अजून बारा आणे, चौदा आणे, सोळा आणे तयार असतो. चौदा आणे म्हणजे सोळातले चौदा, साडेसत्त्याऐंशी टक्के. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ हापूस साधारण ८५ टक्के तयार असताना काढा म्हणतं. म्हणजे आजोबांचे आणे आणि विद्यापीठाचे टक्के यांत अडीचचा फरक! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. आमच्या दोन टीमची मोजमापं कधी इतकी जुळल्याचं आठवत नाही.

चौदा आणे आंबा ओळखायचा कसा? जाणकार लांबून सांगतात: देठाजवळ खड्डा पडलेला असतो, दोन्ही खांदे देठाच्या वर आलेले असतात, गर्द हिरवा रंग जरा निवळलेला असतो. मला हे 'जरा' समजत नाही. माझ्यासारख्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. बादलीभर साधं पाणी घ्या आणि आंबा त्यात सोडा. बुडला तर तयार, तरंगला तर कच्चा. फळ भरत जातं तशी त्याची घनता वाढत जाते, आणि हापूस काढण्याजोगा होतो तेव्हा ती पाण्यापेक्षा किंचित जास्त झालेली असते. आर्किमिडीजला हापूस मिळाला असता तर तो बहुतेक टबातून बाहेरच आला नसता :-)

तर त्या शनिवारी आम्ही तह केला. बाबा म्हणाले, "तुझी ती बादली आण. बुडले तर काढू, तरंगले तर तू गप्प बसायचं."

एकाच झाडावरचे सगळे आंबे एका वयाचे नसतात, हेही तेव्हाच नीट कळलं. मोहोर दोन-तीन खेपांत येतो. आमच्या झाडाच्या दक्षिणेकडच्या, उन्हाच्या फांद्यांवर पहिल्या मोहोराचे होते, आणि विहिरीच्या बाजूला दुसऱ्या. मी प्रत्येक बाजूचे पाच-पाच काढले. उन्हाकडचे पाचही दगडासारखे तळाला गेले. गच्चीकडचे तीन बुडले, दोन वर आले. विहिरीकडचे पाचच्या पाच बदकासारखे तरंगत राहिले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघंही अर्धे बरोबर होतो. असं आमच्या घरात क्वचित होतं.

मग कामाला लागलो. झेल्याने काढायचे, देठ बोटाच्या पेराएवढा ठेवून. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळं पडतं. झेल्याची काठी बांबूचीच हवी. हल्ली ॲल्युमिनियमच्या लांब काठ्या मिळतात, हलक्या असतात, पण आपल्या शहरात झाडातून विजेच्या तारा गेलेल्या नाहीत असं अंगण दाखवा मला. बाबांना झाडावर चढायचं होतं. वय वर्षं सदुसष्ट. म्हणे चाळीस वर्षं चढतोय. इथे मात्र मी आणि आईने एकत्र येऊन व्हेटो वापरला. शेंड्याचे साठ-सत्तर आंबे हाताला येत नव्हते, ते सोडले. मला हे ठामपणे लिहायचंय, कारण दर वर्षी वादळाच्या आसपास अशा बातम्या येतात आणि त्यांत पडणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा, घरच्या झाडावर चढलेला असतो. शेंड्यावरचा आंबा वादळाचा. त्याचा नैवेद्य समजा.

दुसरी अट अशी की सगळं पावसाआधी कोरडं व्हायला हवं. भिजलेला आंबा आढीत घातला तर देठाकडून सडतो, करप्याचे काळे डाग पसरतात, आणि शेजारच्यालाही बिघडवतो. म्हणून शनिवारी संध्याकाळ आणि रविवारी सकाळ एवढाच वेळ होता. रविवारी दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा दोनशे दहाच्या आसपास आंबे घरात होते, दिवाणखान्याच्या फरशीवर वर्तमानपत्रांवर मांडलेले. दिवाणखान्यातच मी सोमवारचे कॉल केले. कॅमेरा चालू केला तेव्हा मॅनेजरने पहिला प्रश्न कामाचा विचारला नाही.

आणखी एक प्रयोग केला. कृषी विभागाच्या एका माहितीपत्रकात वाचलं होतं की काढलेले आंबे ५० ते ५२ अंश तापमानाच्या पाण्यात साधारण दहा मिनिटं ठेवले तर सालीवरच्या बुरशीचा जोर कमी होतो. आईच्या मोठ्या पातेल्यात, स्वयंपाकघरातला थर्मामीटर लावून, पन्नासेक आंब्यांना आंघोळ घातली. (तापमान राखणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. ५५ च्या वर गेलं की साल भाजते. सात आंबे मी भाजले, आणि आईने ते मोजले.) मग नीट पुसून, वाळवून, पेंढ्यात.

सोमवारी, १७ तारखेला, तौक्ते मुंबईसमोरून गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. पनवेलला एवढा नव्हता, तरी दिवसभर पाऊस आणि झोत. रात्री ते सौराष्ट्रात उन्याजवळ जमिनीवर गेलं आणि तिकडे गीरच्या केसर आंब्याच्या बागांची धूळधाण झाली. त्याआधी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हापूसचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. मंगळवारी सकाळी आम्ही अंगणात गेलो. शेंड्यावरच्या साठ-सत्तरांपैकी वर राहिलेले आठ-दहा. विहिरीकडचे कच्चे, जे बाबांच्या म्हणण्याप्रमाणे सोडले होते, त्यांतले निम्मे खाली. आपटून फुटलेले काही कामाचे नव्हते. जे शाबूत होते त्यांचा आईने मेथांबा केला आणि थोड्यांची आंबोशी वाळवली. हापूसच्या कैरीला रायवळचा आंबटपणा नाही, असं दर घासाला ऐकवत.

झाड मात्र जसंच्या तसं उभं होतं. या वेळी एकही दोरी नव्हती. शिवाय आदल्या वर्षी फांदी मोडल्यावर, पाऊस सरल्यावर, महापालिकेकडे रीतसर अर्ज करून आम्ही झाड विरळ करून घेतलं होतं. आतल्या गचपण फांद्या काढल्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली. वारा आता झाडावर आदळत नाही, झाडातून जातो. वर म्हटलं ना, झाड वाचवायचं काम सहा महिने आधीचं, ते हे. आणि भारही कमी होता, दोनशे आंबे म्हणजे पन्नासेक किलो वजन फांद्यांच्या टोकांवरून उतरलेलं. आंबे काढणं हे झाडाचंही संरक्षण असतं, हे कोणी सांगतच नाही.

आढीतले कसे निघाले? खरं सांगतो. बुडलेल्यांपैकी बहुतेक छान पिकले. रंग थोडा कमी, वास थोडा कमी, पण हापूस तो हापूस. मोहात पडून मी विहिरीकडचे वीसेक काढलेच होते, बाबांचा डोळा चुकवून. ते सुरकुतले, पिवळे झाले, आणि चवीला उकडलेल्या भोपळ्यासारखे लागले. बारा आणे आंब्याला आढीत घालून सोळा आणे करता येत नाही. बाजारात मार्चमध्ये येणारा पिवळाजर्द आणि आतून पांढरा आंबा हा याच फसवणुकीचा धंदेवाईक प्रकार, आणि त्यासाठी वापरलं जाणारं कार्बाइड कायद्याने बंद आहे ते वेगळंच.

माझ्या मतावर एक आक्षेप नेहमी येतो: इशारे तर काय, रोजच येतात. जून २०१९ मध्ये 'वायू' वादळ गुजरातवर येणार येणार म्हणून गाजलं आणि शेवटी समुद्रातच वळलं. मग दर इशाऱ्याला आंबे काढत बसायचं का? माझं उत्तर हिशेबाचं आहे. चौदा आणे आंबा काढला आणि वादळ आलंच नाही, तर माझं नुकसान दोन आण्यांचं. काढला नाही आणि वादळ आलं, तर सोळाच्या सोळा आणे गेले. म्हणजे आठातले सात इशारे खोटे ठरले तरी मी बरोबरीत आहे. बारा आणे आंब्याला हा हिशेब लागू नाही, कारण तो काढला तर इशारा खरा असो वा खोटा, हातात भोपळाच येतो. तो झाडावरच ठेवायचा आणि विसरायचा.

ज्यांच्याकडे अंगण नाही, म्हणजे खारघर-कामोठ्यापासून आमच्या नवीन पनवेलपर्यंत टॉवरमध्ये राहणारे तुम्ही बहुतेक जण, त्यांच्यासाठी गणित वेगळं नाही. बाल्कनीत दोडका, कारली, तोंडली मांडवावर चढवलेली असतील तर वादळाआधी कोवळी फळं खुडून भाजी करा, तोंडली काही आढीत घालायची नाहीत. वेल सोडवून खाली घ्या, ओरेगनच्या त्या गड्यासारखी. वर लावलेली हिरवी शेडनेट आधी काढा, ती वाऱ्यात शिडासारखी भरते आणि मांडवासकट उडते. आणि कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा, अगदी तुळससुद्धा. चौदाव्या मजल्यावरून पडणाऱ्या कुंडीला झाडाविषयी तुमचं किती प्रेम होतं हे माहीत नसतं.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. २०२५ च्या मे महिन्यात वादळ नव्हतं. कशाला नाव दिलेलं नव्हतं. फक्त विसाव्या तारखेच्या सुमारास पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. कोकणातल्या कितीतरी बागांमध्ये शेवटची तोड झाडावरच राहिली. मी त्या वेळी ऑफिसच्या कामाने बंगलोरला होतो. १८ तारखेला, रविवारी सकाळी, आईचा फोन आला.

"तुझ्या बाबांना सांग काहीतरी. सकाळपासून न्हाणीघरातल्या दोन्ही बादल्या अंगणात नेऊन ठेवल्यात. अंघोळीला बादली नाही मला."

मागून बाबांचा आवाज आला, "त्याला विचार, अर्धा बुडून मध्येच राहिला तर काय समजायचं?"